जुन्या लष्करी बंदुकीचा दस्ता आणि पितळकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर सुताराचं. आजोबांनी अमळनेरला बैलगाडीची चाकं केली, वडिलांनी दारं-खिडक्या केल्या. मी जुनं फर्निचर दुरुस्त करतो आणि गेली पंधराएक वर्षं जुन्या बंदुकांचं लाकूड, म्हणजे दस्ता. शिरपूर, पारोळा, धरणगाव, शहादा, रावेर, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच असतात. रंधा बाजूला ठेवून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलं.

वाडा उतरवताना माळ्यावर बंदूक सापडली. सर्वांत आधी काय करू?

ती भरलेली आहे असंच धरून चाला. नळीचं तोंड माणसाकडे, जनावराकडे, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. मुलांना बाहेर पाठवा. फोटो नंतर काढा.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, बंदुका भरून ठेवायची पूर्वी सवयच होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तपासायचं सोपं आहे. नळीत जाईल अशी लाकडी काठी घ्या, लोखंडी सळई नको. तोंडाला समोर न येता, बाजूला उभं राहून ती अलगद आत सोडा. टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीची खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा. काठीचं टोक, बार पेटवणारी छोटी टोपी बसते त्या बोंडाजवळ पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. तो कचरा असेल, गांधीलमाशीचं घर असेल, नाहीतर दारू आणि गोळी असेल. तिथेच थांबा. कोरू नका, तापवू नका, पाणी ओतून ‘निकामी’ करायच्या भानगडीत पडू नका. पोलीस ठाण्याला कळवा.

मागून भरायची बंदूक असेल आणि मागचा भाग गंजून उघडत नसेल, तर तीही भरलेलीच समजायची.

परवाना लागतो का? ही तर नुसती शोभेची आहे.

‘शोभेची’ हे तुम्ही म्हणता, कायदा बंदुकीकडे पाहून ठरवतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिचे शब्द नीट वाचा : जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. शेवटचा भाग महत्त्वाचा. ‘दुरुस्त केली तर चालेल’ अशी बंदूक या सुटीत बसत नाही, मग ती पणजोबांची असो की कोणाची. चालू शकणारी ठासणीची बंदूकही परवान्याखालीच येते. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, कागद देणारा एकच भेटेल.

तुम्ही नळी आणि चापही (बार उडवणारी यंत्रणा) दुरुस्त करता का?

नाही. बंदुकीच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. माझ्याकडे येतं ते परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानातून, नाहीतर निकामी केल्याचा कागद असलेल्या बंदुकीचं. ‘फक्त घोडा तेवढा चालता करून द्या’ म्हणणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवतो.

भाऊ, हाई बंदूक कितली जुनी शे?

प्रत्येकाची बंदूक १८५७ ची असते. खान्देशात तर हमखास, कारण आपल्याकडे इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईक आणि भीमा नाईक या भिल्ल पुढाऱ्यांच्या, अंबापाणीच्या लढाईच्या गोष्टी घरोघरी आहेत; आणि १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या खान्देश भिल्ल पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. गोष्ट खोटी नसेल, पण बंदूक त्या गोष्टीतलीच असेल असं नाही. लाकूड आणि लोखंड काय म्हणतं ते बघू.

चापाच्या पट्टीवर, म्हणजे उजव्या अंगाच्या लोखंडी पत्र्यावर, मुकुट आणि ‘टॉवर’ किंवा ‘एन्फिल्ड’ अशी अक्षरं व साल असेल, नळी ३९ इंच आणि ती तीन कड्यांनी लाकडाला धरलेली असेल, तर ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड असायची शक्यता मोठी. तोंडातून भरायची, टोपीवर उडायची. आत बोट घालून आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, लागतात का बघा. एन्फिल्डसारखीच दिसते पण नळी आतून गुळगुळीत, अशा बंदुका १८५७ नंतर मुद्दाम हिंदी शिपायांसाठी काढल्या होत्या. आट्यांची बंदूक लांबवर नेमकी लागते, ती शिपायाच्या हातात द्यायला कंपनी आणि नंतर सरकार धजत नव्हतं. मला स्वतःला या गुळगुळीत नळीच्या बंदुकांचं आकर्षण जास्त आहे. सरकारला किती धास्ती होती ते तिच्या नळीत बोट घातलं की कळतं.

मागच्या बाजूला बिजागरीवर उघडणारं झाकण असेल तर स्नायडर. जुन्या एन्फिल्डची मागची बाजू कापून ती १८६६ पासून बनायला लागली. बाहेर घोडाच नाही, खाली तरफ आहे, ती ओढली की मधला ठोकळा खाली जातो, तर मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. या दोन्हींना १८५७ पाहणं शक्यच नव्हतं.

एक सूचना. व्हिक्टोरिया राणीचं ‘व्ही. आर.’ आणि खाली १९०१ नंतरचं कुठलंही साल असेल, तर ती वायव्य सरहद्दीकडच्या, खैबर खिंडीच्या आसपासच्या, गावठी कारखान्यातली नक्कल आहे. राणी १९०१ साली वारली. उलटे कोरलेले इंग्रजी ‘एन’, वाकडा मुकुट, ही त्याच घराची लक्षणं. नक्कल म्हणून टाकून देऊ नका. हाताने कानस चालवून केलेलं ते काम पाहण्यासारखं असतं.

दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले दिसले तर समजा, सरकारी कोठारातून ती रीतसर विकली गेली होती.

दस्ता सागाचा आहे ना? सातपुड्यातला?

बहुधा नाही. इंग्रजी लष्करी बंदुकांचा दस्ता अक्रोडाचा. अक्रोड हलका, चिवट, कोरड्या हवेत आणि ओल्या हवेत फारसा वळत नाही, आणि त्यात बारीक खाच धारदार निघते. चापाच्या आतल्या एकेका कमानीसाठी लाकडात वेगळा कप्पा कोरलेला असतो. सागात तो कोरता येतो, पण कडा लवकर ढासळतात.

दस्ता शिसवाचा किंवा सागाचा निघाला तर तो पुढे इथे कुणीतरी बसवलेला. एकदा तळोद्याकडून शिसवाचा दस्ता आला. मागची पितळी पाटी विलायती, लाकूड आपलं, आणि पाटीखाली पटाशीच्या खुणा इतक्या नेमक्या की मी अर्धा तास नुसता बघत बसलो. मालकाला ‘मूळ’ अक्रोडाचा दस्ता हवा होता. मी दिला नाही. त्या बंदुकीचं मूळ आता तेच आहे.

सुटे भाग स्वतः काढले तर चालतील का?

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली असेल, कागद असतील आणि स्वभावात घाई नसेल, तर लाकूड आणि धातू वेगळे करण्यापुरतं चालेल.

निम्मं नुकसान पेचकसानेच होतं. बाजारातला पेचकस टोकाला निमुळता असतो, तो जुन्या स्क्रूच्या खाचेत वरच्या कडेवरच बसतो आणि कड उडवतो. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतीची. एक स्वस्त पेचकस घ्या, खाचेत तळापर्यंत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट बसेल असा दगडावर घासा. प्रत्येक मापाला वेगळा. मी सात घासून ठेवलेत.

न हलणाऱ्या स्क्रूला गंज सैल करणारं तेल द्या आणि जेवायला जा. मग झोपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. माझा एक स्क्रू अकरा दिवसांनी हलला.

ठासणीच्या बंदुकीत आधी गज, म्हणजे नळीखालची ठासायची सळई, काढायचा. मग घोडा अर्धा ओढून पहिल्या खाचेत ठेवायचा, नाहीतर आतली कमान लाकडाच्या कडेला खात बाहेर येते. चापाचे दोन लांब स्क्रू डाव्या बाजूने असतात. ते पुरते न काढता थोडे सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने एकदा इकडे, एकदा तिकडे हलकं ठोकायचं. पट्टी उजवीकडे सारखी वर येते. एका टोकाने उचकटली की लाकडाचा ढलपा गेलाच. नळीच्या कड्यांचे स्क्रू सैल करून कड्या तोंडाकडे सरकवायच्या, नळीच्या मागच्या शेपटातला स्क्रू काढायचा, मग नळी उचलायची.

दोन्ही लांब स्क्रू सारखे दिसतात, सारखे नसतात. पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढा आणि जो स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा यासाठी छान.

मार्टिनीचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो, तो मागची पाटी काढली की आत खोल दिसतो. ली-एन्फिल्डच्या जुन्या नमुन्यांतही तसाच, पण तिथे एक सापळा आहे. बोल्टचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर ते टोक फिरताना लाकूड आतून फोडतं. आवाजही येतो, कोरडी शेंग मोडल्यासारखा. आधी पुढचं लाकूड, मग मागचा बोल्ट. ही बंदूक .३०३ ची, खाजगी माणसाला मनाई असलेल्या मापातली; निकामी केलेली, कुठल्यातरी संस्थेच्या दर्शनी भिंतीवरची असेल तरच तिच्याशी तुमचा संबंध येईल.

सँडपेपरने घासून नव्यासारखा करून द्याल का?

नाही, आणि कारण माझ्याच हातचं आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांचा. पारोळ्याकडच्या एका घरातून स्नायडरचा दस्ता आला, काळा, कळकट. मी आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग बारीक, असा दोन दिवस घासला. अक्रोडाचे पट्टे असे उठून आले की मालक खूश, मी खूश, वडील काही बोलले नाहीत. चार महिन्यांनी मालकाने घरात सापडलेला जुना फोटो दाखवायला आणला. दस्त्याच्या उजव्या अंगावर रुपयाहून मोठा गोल शिक्का स्पष्ट दिसत होता. कारखान्याचं नाव, नमुन्याचा आकडा, सगळं त्यात. तो मी भुश्यात घालवला होता. भुसा चुलीत गेला होता.

लाकूड घासलं की दुसरीही गोष्ट बिघडते. लाकूड आणि पितळ एका पातळीत बसवलेलं असतं. घासलं की लाकूड खाली जातं, पितळ तिथेच राहतं, आणि मागच्या पाटीची कड बोटाला टोचायला लागते. घासलेला दस्ता डोळे मिटूनही ओळखता येतो तो असा.

मळ काढायला टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल निम्मं-निम्मं, त्यात बुडवलेली सर्वांत बारीक, चार शून्याची, स्टील वूल, आणि हलका हात. शिक्क्यावर तेवढीही नको, तिथे नुसतं फडकं. मळ निघतो, रंग राहतो.

मना दस्ता काळा पडी गया. तेलकट बी शे.

चाप आणि नळीचं खनिज तेल वर्षानुवर्षं लाकडात उतरलेलं असतं. बंदूक तोंड वर करून उभी ठेवायची सवय, मग तेल खाली ओघळत दस्त्याच्या मानेत जमतं. लाकूड तिथे मऊ होतं, नख रुततं. आणि तेलकट लाकडाला कुठलाच सरस धरत नाही, म्हणून चीर सांधायची असेल तरी आधी हेच काम.

आपल्याकडे यासाठी देवाने मे महिना दिलाय. भुसावळ-जळगावचं चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश ऊन एरवी शिव्या खातं, इथे कामाला येतं. खडूची पावडर थिनरमध्ये कालवून इडलीच्या पिठाइतकी घट्ट करा. दस्त्याच्या काळ्या भागावर बोटभर जाडीने लिंपा. थेट उन्हात ठेवायचा नाही, तडकतो. पत्र्याच्या शेडमध्ये सावलीला ठेवा, तिथली ऊब पुरे. थिनर उडतो, तेल वर येतं, पांढरा लेप पिवळा आणि मग चहाच्या रंगाचा होतो. वाळला की झटका, पुन्हा लिंपा. तिसऱ्या-चौथ्या लेपाला रंग फिका येतो. थिनर लावताना आसपास विडी, चूल, वेल्डिंग काही नको.

कॉस्टिक सोडा लावून ‘एका दिवसात’ काढून देणारे आहेत. त्यांनी काढलेला दस्ता उन्हात पडलेल्या हाडासारखा दिसतो.

लोखंडाला टेकलेल्या जागी जो शाईसारखा निळा-काळा डाग असतो तो तेलाचा नाही. अक्रोडातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती शाई आहे, जुन्या पोथ्यांची शाई करायचे तशीच. त्याला हात लावू नका.

पोचे आणि खड्डे?

लाकूड दबलं असेल तर ओलं सुती फडकं चार घड्या करून ठेवा आणि त्यावर गरम इस्त्री दोन-तीन सेकंद. वाफ आत शिरते, दबलेले धागे फुगून वर येतात. पाच-सहा वेळा करावं लागतं. धागे तुटलेले असतील तर काही होणार नाही. शिक्क्याजवळ वाफ चुकूनही नको, कारण शिक्का म्हणजे ठरवून पाडलेला पोचाच.

खरं सांगायचं तर मी पोचे फारसे काढत नाही. मागच्या पाटीजवळचे खड्डे बंदूक जमिनीवर टेकवून पहारा देणाऱ्याचे असतात.

चीर पडली आहे.

बहुतेक दस्ते दोनच ठिकाणी चिरतात : नळीच्या शेपटामागे आणि चापाच्या पट्टीच्या मागच्या कोपऱ्यात. आधी वर सांगितल्याप्रमाणे तेल काढा. मग चीर किंचित उघडा, जबरदस्ती न करता, आणि हळू वाळणारं अ‍ॅराल्डाइट हेअर ड्रायरने जरा पातळ करून आत जाऊ द्या. एका बाजूने भरा, दुसऱ्या बाजूने फुंकणीने ओढा, की पार जातं. बाहेर आलेलं लगेच पुसा. दाबायला क्लॅम्प लावलात तर गोल अंगावर तो घसरतो. सायकलची जुनी ट्यूब बोटभर रुंद फाडून ताणून गुंडाळा. दाब सगळीकडून सारखा येतो. पंक्चरवाला फुकट देतो.

घरात जुना सरस असेल आणि तो तुम्हाला वापरता येत असेल तर तोच चांगला, उद्या कुणाला उकलायचा झाला तर कोमट पाण्याने सुटतो. पण पावसाळ्यात तो ओल धरतो.

ढलपा उडालेला असेल तर जुन्या काश्मिरी अक्रोडाच्या मोडक्या टीपॉयचा तुकडा शोधा आणि रेघ रेघेला जुळवून बसवा. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेले खड्डे दोन वर्षांत वेगळ्या रंगाचे होऊन तुमच्याकडे बघत बसतात.

दस्त्यातून पीठ गळतंय.

घुण. भोकं जुनी असतील तर काळपट असतात आणि काही गळत नाही. ताजं काम असेल तर खाली पिवळसर पीठ पडतं. काळ्या कागदावर आठवडाभर ठेवून बघा.

रॉकेल ओतू नका. धातू काढलेला दस्ता जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे अठरा अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर हवेतली ओल थंड लाकडावर जमते. माझं काम एका आइसक्रीमवाल्या मित्राच्या फ्रीझरमध्ये होतं. कुल्फीच्या डब्यांखाली स्नायडर, हे दृश्य आमच्याकडे दर हिवाळ्यात असतं, कारण उन्हाळ्यात तो जागा देत नाही.

तेल कोणतं लावायचं? घरात खोबरेल आहे.

खोबरेल केसांना. लाकडाला जवसाचं.

तेलं दोन जातींची. काही हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होतात, काही होत नाहीत. जवस पहिल्या जातीतलं. म्हणून चित्रकार रंगात तेच घालतात आणि इंग्रजांच्या शस्त्रागारात दस्त्यांना तेच लावायचे. खोबरेल आणि मोहरीचं तेल कधी वाळत नाही. वर चिकट थर राहतो, धूळ धरतो, पुढे वास मारतो.

खान्देशात जवस नवीन नाही. लाकडी घाण्यावरचं कच्चं तेल मिळालं तर उत्तम, ते सावकाश वाळतं पण खोल जातं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ मिळतं, त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. लवकर वाळतं, पण ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नका. मी पहिले दोन हात कच्च्याचे देतो, नंतरचे दुसऱ्याचे.

बशीत दोन चमचे घ्या. तळहाताला लावा आणि चोळा. तळहात गरम व्हायला पाहिजे, इतका की तुम्हाला थांबावंसं वाटेल. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून टाका, जणू लावलंच नव्हतं. जास्त लावलं की जास्त चांगलं, हा समज सर्वांत मोठा शत्रू. तो थर वर मधासारखा होऊन बसतो. जुना हिशोब असा सांगतात : आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला. त्यातला निम्मा पाळलात तरी लाकूड ओळखू येणार नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तेल लावू नका, ओल्या हवेत ते वाळत नाही आणि बुरशी येते.

आणि ती फडकी टाकायची कुठे?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आतच कोंडते आणि बोळा काडी न लावता पेटतो. आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. माझ्या कारखान्यात भुश्याच्या पोत्याजवळ धूर निघाला होता, नशीब मी जेवायला गेलो नव्हतो. फडकी एकेक सुटी करून दोरीवर वाळत घाला, कडक झाली की टाका. नाहीतर पाण्याच्या बादलीत.

वॉर्निश, पीयू (पॉलियुरेथेन), लाखेचं पॉलिश?

नको. लष्कराने ते लावलं नव्हतं, आणि एकदा लावलं की खाली तेल जात नाही.

पितळ आरशासारखं चमकवायचं आहे.

देवघरातली समई चमकवा. दस्त्यावरचं पितळ, म्हणजे मागची पाटी, चापाखालची कमान, टोकाची टोपी, हे मधासारख्या तपकिरी रंगाचं असतं आणि तो रंग यायला शंभर वर्षं लागतात. पाटीवर पलटणीची अक्षरं आणि मांडणीतला क्रमांक कोरलेला असू शकतो. दर दिवाळीला घासून तो कितीतरी घरांत पुसट झालाय.

चिंच आणि लिंबू तर नकोच. आंबट पदार्थ पितळातलं जस्त खातो, वर तांब्याचा गुलाबी रंग येतो, आणि कडेच्या फटीत शिरलेला रस लाकडाखाली आपलं काम चालू ठेवतो.

हिरवा मेणचट कळक मात्र काढायलाच हवा. बांबूची काडी छिनीसारखी तासा, तेलाचा थेंब टाका, खरवडा. लोखंडी अवजार नको. चामड्याचा पट्टा बंदुकीला लावून ठेवला असेल तर काढून वेगळा ठेवा. चामडं पितळाला टेकलं की हा कळक दर वर्षी पुन्हा येतो.

लोखंडावरचा गंज?

लाल गंज जिवंत, तपकिरी-काळा गंज थांबलेला. लाल तेवढा काढायचा. पातळ तेल लावून दिवसभर ठेवा, मग तांब्याच्या किंवा पितळेच्या जुन्या नाण्याच्या कडेने खरवडा; नाणं लोखंडाहून मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. बफिंग मशीनवर नळी घालणाऱ्याला अक्षरं, साल, कडा, सगळं एकदम गमवायचं असतं.

शेवटी मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ हात द्या, लाकडाला टेकणाऱ्या बाजूलाही. सातपुड्यातून येणाऱ्या मधाबरोबर मेण मागितलं तर मिळतं. टर्पेंटाइन विस्तवावर तापवू नका. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, पाणी चुलीवरून उतरवा आणि मग मिसळा.

एखादी पितळी पट्टी हरवली आहे, करून मिळेल?

ओतारी करून देतो, पण दुसऱ्या बंदुकीची पट्टी नुसती वाळूत दाबून ओतली तर नवी लहान येते. पितळ थंड होताना शंभरात साधारण दीड भाग आकसतं. पाच इंची पाटी दोन मिलिमीटर आखूड, म्हणजे लाकडाची कड उघडी. म्हणून साचा आधी मेणाचा थर देऊन वाढवून घ्यावा लागतो.

नव्या पट्टीच्या आतल्या अंगावर मी साल ठोकतो. काही जणांना ते आवडत नाही. जे नाराज होतात त्यांना बंदूक विकायची असते.

दसऱ्याला पूजा करतो. काही बिघडतं का?

खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू लागणारच, त्याला मी कोण नाही म्हणणार. पण लाकडावर ओलं बोट नको. हळद तेल दिलेल्या अक्रोडात शिरते आणि निघत नाही. माझ्याकडे आलेल्या दस्त्यांवर पाच बोटांचे ठसे ओळीने असतात, एका वर्षाचे पुसट, दुसऱ्या वर्षाचे गडद. गंध मागच्या पितळी पाटीला लावा आणि संध्याकाळी पुसा. झेंडूची ओली माळ नळीवर रात्रभर ठेवू नका, सकाळी तिच्या आकाराचा गंज दिसतो.

आणि वरातीत बार काढायला म्हणून मागायला कुणी आलं, तर तो भाचा असला तरी नाही म्हणा.

पावसाळ्यात कशी ठेवू?

आडवी, दोन लाकडी खुंट्यांवर, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर. खुंटीला नमदा लावा. गोधडीत, वर्तमानपत्रात किंवा चामडी म्यानात गुंडाळून पेटीत घालू नका. तिघंही ओल धरतात. कूलरच्या वाऱ्यासमोर तर मुळीच नको. कोजागरीनंतर एकदा उतरवून मेणाचा हात द्यायचा.

याने किंमत वाढेल ना?

दस्ता घासून चमकवलेल्या बंदुकीची किंमत जाणकाराकडे कमीच होते. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. नेटवर दिसणारे डॉलरचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. घरात नको असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संग्रहालयात विचारून बघा, कागदपत्रांसह.

किती दिवस लागतील?

नुसता मळ आणि तेल, तीन आठवडे. चीर असेल तर दोन महिने. फेब्रुवारीत आणून दिलात तर उन्हाळा मिळतो. जुलैत आणलात तर मी तो दसऱ्यापर्यंत फडताळात ठेवून देईन आणि तुम्ही दर आठवड्याला फोन कराल.

येताना मागच्या पाटीचे स्क्रू पुडीत बांधून आणा. हरवलेले असतील तर तसं सांगा, बाजारातले नवे कोंबून आणू नका.